देवघरावरची जाळी

घरातल्या डक्टमधून हवा किती गळते हे तपासण्याचं काम मी करते. कुठे जेवायला गेलो आणि कुणी विचारलं की मी एवढंच सांगते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे एसीचं काम?" नाही. एसी बसवणारा वेगळा. तो बसवून गेला की त्याने जोडलेल्या नळ्यांतून हवा खोल्यांत पोचते, की वाटेत छपराच्या पोकळीतच सांडते, हे बघणारी मी.

सिडनीच्या पश्चिमेला, आमच्या स्कोफिल्ड्समध्ये, जवळजवळ प्रत्येक नव्या घराच्या छपरात या नळ्या असतात. जाड, चंदेरी, माणसाच्या मांडीएवढ्या. यंत्र एकच, त्यातून फुटलेल्या नळ्या अनेक, आणि प्रत्येक खोलीच्या सीलिंगला एक जाळी. उन्हाळ्यात तिच्यातून गार हवा येते, थंडीत गरम. नळी सांध्यातून सुटली असेल तर छपरात शिरलेला पॉसम, मांजराएवढा इथला प्राणी, मजेत झोपतो आणि खाली माणसं स्वेटर घालून बसतात.

हे काम मी शिकले कोविडच्या दुसऱ्या वर्षी. त्याआधी ब्लॅकटाउनच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढायचे. विमानं थांबली तेव्हा काही महिने मी लोकांचे रद्द झालेले प्रवास निस्तरले. ते निस्तरून झाले आणि एजन्सीच बंद झाली. घर अडलं नव्हतं. नवऱ्याची आयटीतली नोकरी मागच्या खोलीत बसून चालू होती. पण मी रिकामी बसणारी बाई नाही. पुण्यात मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला होता आणि भोसरीच्या कारखान्यात दाबमापकं तपासत होते. इथे आल्यावर मिळेल ते काम धरलं आणि ते सगळं मागे पडलं. आता हाताला काहीतरी कळेल असं काम करायचं, असं मी ठरवलं.

डक्ट तपासणारी एक छोटी कंपनी शिकाऊ माणसं घेत होती. मालकीण स्वतःच शिकवायची. साठीच्या आसपासची, कापलेल्या आखूड केसांची बाई. आधी बरीच वर्षं ती कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत होती, जमिनीखाली माणसांपर्यंत हवा पोचवण्याच्या कामावर. बोलणं मोजकं. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "एअर इज लेझी, डार्ल. हवा आळशी असते. सगळ्यात सोपी वाट शोधते."

मी हे घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मग आमच्या चिरंजीवांच्या वळणावर गेलीय."

सासूबाई चिंचवडहून आमच्याकडे चार दिवस राहायला म्हणून आल्या आणि सीमा बंद झाल्यामुळे इथेच राहिल्या. चिंचवडला त्यांनी बरीच वर्षं दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतल्या होत्या. त्यामुळे त्यांना कामाची लाज नाही आणि कामचुकारांची दयाही नाही. पण सुनेच्या या नव्या उद्योगाबद्दल त्यांचं मत जरा सावध होतं. "लोकांच्या घरी जाऊन शिडीवर चढायचं? या वयात?" एवढंच म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या. नवरा हसून म्हणाला, "पन्नाशीत टेप चिकटवायला शिकणार ही."  बोलून दाखवण्यासारखं अजून माझ्याकडे काही नव्हतं.

पुस्तकी भाग ऑनलाइन झाला. प्रत्यक्ष काम ट्रेनरबरोबर, म्हणजे या मालकिणीबरोबरच, घरोघर फिरून शिकायचं, तेवढ्यात सिडनी पुन्हा बंद झाली. आमचा पश्चिमेचा भाग तर जास्तच. हद्द ओलांडायची नाही, परक्या घरात शिरायचं नाही, डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालतंय. ट्रेनर राहायची ब्लू माउंटन्सच्या पलीकडे. तिने तोडगा काढला. तपासणीचं किट ती कुरियरने पाठवणार. आम्ही तिघं शिकाऊ होतो, प्रत्येकाने आपापलं घर चाचणीसाठी तयार करायचं, आणि ती व्हिडिओवर बघणार. बंदी उठली की एकाला लगेच कामावर घेता येईल, असं तिने स्पष्ट सांगितलं होतं. आणि किट एकच होतं. ज्याची तयारी आधी कसोटीला उतरेल त्याला ती जागा. पहिला नंबर माझा होता. जमलं तर जागा माझी, नाही जमलं तर किट पुढच्याच्या दारात.

चाचणी समजायला सोपी आहे. सगळ्या जाळ्या चिकट प्लॅस्टिकने बंद करायच्या. यंत्र ज्या मोठ्या जाळीतून घरातली हवा आत ओढतं, तिथे एक पंखा घट्ट बसवायचा आणि नळ्यांत हवा भरायची, सायकलच्या ट्यूबमध्ये भरतो तशी. ठरलेला दाब टिकवायला पंख्याला जितकी हवा ढकलत राहावी लागते, तितकी गळती. पण एखादी जाळी उघडी राहिली, तर पंखा नळ्यांची गळती मोजत नाही, तयारी करणाऱ्याचा गलथानपणा मोजतो. म्हणून आमच्या धंद्यात खरी परीक्षा तयारीची असते. ट्रेनरची अट होती, दाब टिकला पाहिजे आणि दुसऱ्यांदा मोजल्यावर आकडा तोच आला पाहिजे.

आदल्या दिवशी मी घरभर फिरून जाळ्या मोजल्या. मग नवऱ्याला म्हटलं, तू वेगळ्या मोज. माझ्या अकरा, त्याच्याही अकरा. दोघांचा आकडा जुळला, म्हणून तो बरोबर धरला.

ऑगस्टची, म्हणजे इथल्या हिवाळ्यातली सकाळ होती, बाहेर गवतावर दव गोठून पांढरं पडलेलं. चाचणीच्या वेळी यंत्र बंद असतं आणि मागचं दार उघडं ठेवावं लागतं, म्हणजे घरातला दाब बाहेरच्याएवढा राहतो. थोडक्यात, घरात थंडी. सासूबाईंनी शालीवर शाल घेतली होती. त्यांना मी एकच विनंती केली, "आई, आज देवापुढचा दिवा नको. हवेचा झोत असेल, उघडी ज्योत चालणार नाही. पूजा झाली की विझवाल का?"

"दिवा विझवत नाहीत," त्या म्हणाल्या. "तेल थोडंच घालते. तुझं काम सुरू व्हायच्या आत शांत होईल."

झालाही.

नवरा चहाचा कप घेऊन मीटर बॉक्सपाशी उभा होता. "मॅडम, एसीचा मेन बंद करू?"

"थांब! हात लावू नकोस."

"अगं, यंत्र बंद ठेवायचं ना?"

"आधी झडपा उघडायच्या. प्रत्येक खोलीच्या नळीत झडप आहे, ती विजेवर चालते. आत्ता एसीची वीज गेली तर बंद असलेल्या झडपा बंदच राहतील आणि त्यापुढच्या नळ्या तपासल्याच जाणार नाहीत."

"हे तुला कुठून कळलं?"

"शिकले," मी म्हटलं. भिंतीवरच्या पॅनेलवर एकेक खोली चालू केली, छपरात झडपा उघडल्याचा कुरकुर आवाज ऐकला, आणि मगच म्हटलं, "आता कर." त्याने बंद केलं. परत "टेप चिकटवायला" म्हणाला नाही.

मग फिल्टर काढला. त्यावर राखाडी लोकरीसारखी धूळ होती, ती अंगणात झटकली. शिडी घेऊन एकेका जाळीवर गेले. प्रत्येक जाळी ओल्या फडक्याने पुसायची, कोरडी करायची, मग प्लॅस्टिक मधून कडेकडे दाबत न्यायचं आणि कडांवर बोट घासायचं. बोट घासणं महत्त्वाचं. पोळपाटावर करंजीची कड बंद करताना जसं हात फिरवतो तसं, घाई केली की फुटतं. नवरा मीटिंगमध्ये होता. मी शिडी घेऊन त्याच्या खोलीत शिरले तर कॅमेऱ्यात माझे पाय दिसले असणार, कारण पलीकडून कुणीतरी हसलं. "सॉरी मेट, माय वाइफ इज टेस्टिंग द हाउस," त्याने सांगितलं. मला ते ऐकायला बरं वाटलं.

पंखा बसवला, मापक जोडलं, फोन स्टँडवर लावला. ट्रेनर तिच्या गॅरेजमधून दिसत होती, हातात मग, मागे कुत्रा भुंकत होता. तिने मला घरभर फोन फिरवायला लावला, एकेक जाळी बघितली आणि म्हणाली, "ओके. टेक इट अप स्लोली."

मी पंखा हळूहळू वाढवला. आकडा चढायला लागला. अर्ध्यावर आला आणि स्वयंपाकघरातून फट् असा आवाज झाला. गॅसच्या वरच्या बाजूला असलेल्या जाळीचं प्लॅस्टिक एका कडेने सुटून झेंड्यासारखं फडफडत होतं.

मी पंखा बंद केला. प्लॅस्टिक काढलं, पुन्हा पुसलं, पुन्हा लावलं. बोट घासलं की कड सरकत होती. बोटं एकमेकांवर चोळून बघितली तेव्हा कळलं. जाळीवर तेलाचा पातळ थर होता. कित्येक वर्षांच्या फोडण्या. ओल्या फडक्याने तो निघालाच नव्हता, नुसता चकाकला होता. मी साबणाचं पाणी घेऊन चढले.

"साबण नको लावूस," सासूबाई दारातून म्हणाल्या. "आधी साबण लावलास तर तेल पसरेल. आधी कोरडं पीठ. पीठ तेल पिऊन घेतं. मग साबण, मग कोरडं फडकं. आमच्या कढयांची झाकणं काय तुझ्या फडक्याने निघायची?"

फोनवरून ट्रेनर म्हणाली, "व्हॉट्स शी सेइंग?"

"शी सेज फ्लाउर फर्स्ट."

"फ्लाउर?" ट्रेनरने मग खाली ठेवला. "गो ऑन देन."

तांदळाचं पीठ मुठीत घेऊन मी शिडीवर चढले. सीलिंगला पीठ चोळायचं म्हणजे अर्धं डोक्यात पडतं. ते पडलं. पण जाळीवरचं पीठ पिवळसर होऊन गोळ्या गोळ्यांनी सुटलं, मागे साबणाचा हात फिरवला, पुसलं, आणि प्लॅस्टिक असं बसलं की नखानेही निघेना. नवरा मीटिंग संपवून पाणी प्यायला आला आणि माझ्याकडे बघत राहिला. "सकाळपासून एवढी म्हातारी झालीस?"

"पीठ आहे ते. बाजूला हो."

दुसऱ्यांदा पंखा वाढवला. या वेळी काही फाटलं नाही. आकडा चढला, ठरलेल्या जागी पोचला आणि तिथे राहिला.  मग मी पंख्याकडे बघितलं. तो घरघरत होता. दाब टिकत होता, पण टिकवायला पंखा फार हवा ढकलत होता. ट्रेनरने मापकाचा दुसरा आकडा वाचायला सांगितला. मी वाचला. 

ती म्हणाली, "नव्या घराच्या मानाने हे खूप आहे. दोनच शक्यता. तुझ्या छपरात एखादी नळी सुटलेली आहे, नाहीतर तुझ्या तयारीत काही राहिलंय." आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "आर यू हॅपी विथ युअर प्रेप?"

सरळ प्रश्न होता. हो म्हटलं असतं तर तिने आकडा नोंदवला असता. गळती कुणा बिल्डरच्या माथी गेली असती, आणि मी अकरा जाळ्या मोजून नीट बंद केल्या होत्या हे खरंच होतं. नवरा मागून हळूच म्हणाला, "अगं, हो म्हण. सगळं केलंयस तू. बिल्डरनेच घाण केली असणार."

शक्यही होतं. पण भोसरीत आमचा एक नियम होता: मापक विचित्र आकडा दाखवत असेल तर मशीनला शिव्या देण्याआधी आपली जोडणी तपासायची. मला माझी जोडणी अजून पटली नव्हती.

"नो," मी म्हटलं. "नॉट हॅपी. पंखा चालूच ठेवते. मी घरभर फिरून बघते."

"फेअर इनफ," ती म्हणाली आणि घड्याळाकडे बघितलं. ते मला आवडलं नाही.

हाताची मागची बाजू ओली केली की बारीक झुळूकही लागते. मी हात ओला करून प्रत्येक जाळीखाली धरत गेले. बैठकीची खोली, काही नाही. आमची खोली, काही नाही. नवऱ्याची, काही नाही. बाथरूमच्या दारापाशी गार लागलं, पण ते मागच्या उघड्या दाराचं निघालं. सगळ्या जाळ्या घट्ट होत्या. म्हणजे नळी सुटलेली असणार. म्हणजे माझी तयारी बरोबर होती आणि मी उगाच नाही म्हणून बसले. शेवटची सासूबाईंची खोली बघून मी परत फिरले तेव्हा मनाशी फोनवर काय सांगायचं ते जुळवत होते.

तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला. "अगं ए, इकडे ये. हा चांदवा असा पोट काढून का बसलाय?"

आमचं देवघर पॅसेजच्या टोकाला आहे. बिल्डरच्या नकाशात ती अभ्यासाची जागा होती: भिंतीत एक खोबण, टेबल मावेल एवढी. सासूबाई आल्यावर स्वयंपाकघरातल्या फळीवरचे देव तिथे आले. पहिल्याच आठवड्यात त्यांची तक्रार सुरू झाली, समईची ज्योत फडफडते. बरोबर वर हवेची गोल जाळी होती. नवऱ्याने खुर्चीवर चढून ती फिरवून घट्ट बंद केली. मग सासूबाईंनी खणाच्या कापडाचा चांदवा शिवला आणि देवांवर छत म्हणून चार कोपऱ्यांना बांधला. देवांना शोभा आली, प्लॅस्टिकची जाळी झाकली गेली. त्यानंतर रोज दोन वेळा आम्ही तिथे उभे राहिलो असू. पण देवापुढे मान खाली जाते. वर कोण बघतं?

आता तो चांदवा मधोमध फुगून, शिडासारखा ताणून, खाली आला होता. त्याचं टोक बाळकृष्णाच्या डोक्याला टेकत होतं.

"बारावी," मी म्हटलं.

नवरा धावत आला. "पण ती मी बंद केली होती! चांगली पिळून बंद केली होती!"

"बंद केली होतीस, सील नव्हती केली. झडपाही मी सगळ्या उघडल्यात. हवेला फट पुरते."

"मोजताना तुझ्याही लक्षात नाही आली."

"नाही आली," मी म्हटलं. "आई, तुम्हाला माहीत होतं ना इथे जाळी आहे?"

"मीच तर झाकली," सासूबाई म्हणाल्या. "मला कुणी विचारलं का? तुम्ही दोघं इंजिनिअर बोटं वर करून मोजत फिरत होतात. मी म्हटलं, मोजू देत."

फोन नेऊन ट्रेनरला दाखवलं. ती स्क्रीनजवळ आली. लाल-हिरव्या खणाचं ताणलेलं पोट, खाली पितळेचे देव, कोमेजू लागलेली फुलं. "इज दॅट अ लिटल टेंपल?"

"येस. विथ अ व्हेंट इन द रूफ."

ती हसली. खाणीतल्या माणसासारखं हसणं, एकदम मोठं. "टेक युअर टाइम. डोन्ट ड्रॉप एनीबडी."

पंखा बंद केला. चांदवा सुस्कारा टाकून सैल झाला. आता अडचण वेगळीच होती. जाळीपर्यंत पोचायचं तर शिडी देवांच्या चौरंगाला चिकटवून उभी करावी लागत होती आणि माझे पाय देवांच्या डोक्यावर येत होते. मी काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, "आई, चालेल ना? दोन मिनिटांचं काम आहे."

"देवांच्या डोक्यावर पाय? काहीतरीच." सासूबाई उठल्या. मला वाटलं, संपलं, आता शास्त्रार्थ. त्यांनी चौरंगाखालून पितळी डबा काढला, त्यात धुतलेला रुमाल अंथरला आणि देव एकेक करून उचलायला लागल्या. आधी गणपती, मग देवी, मग बाळकृष्ण. टाक शेवटी. प्रत्येकाला पदराच्या टोकाने पुसत होत्या, पण हात भराभर चालत होता. "चिंचवडला दर रंगरंगोटीला देव डब्यात जायचे. त्यांना सवय आहे. तू चढ."

"आई, तुमची हरकत असेल असं वाटलं."

"हरकत कसली? हवा गळते तिथे तुला टेप लावायचीय. देव काय गळतीच्या बाजूने आहेत?" डबा मांडीवर घेऊन त्या पॅसेजमध्ये खुर्चीवर बसल्या, शाल सावरून, बसमध्ये सामान सांभाळत बसावं तशा.

मी चढले. चांदव्याच्या गाठी सोडल्या. जाळीवर धूळ आणि समईची काजळी होती. आता मला क्रम माहीत होता. मी न सांगताच नवऱ्याने पिठाचा डबा वर दिला. पीठ, साबण, कोरडं फडकं. आधी जाळी फिरवून पूर्ण उघडली, म्हणजे तिच्यामागची नळीही मापात येईल, आणि मग प्लॅस्टिक. मधून कडेकडे. कडांवर बोट.

तिसऱ्यांदा पंखा लावला. आकडा चढला आणि आपल्या जागी जाऊन बसला. पंखा घरघरेना. एका शांत, बारीक सुरावर येऊन थांबला, फ्रिज चालू असतो तसा. मी आकडा वाचला. ट्रेनरने पंखा बंद करायला सांगितलं, मापक शून्यावर आणून पुन्हा पहिल्यापासून. मी पुन्हा वाचला. तोच आकडा.

 सासूबाईंना आकडा कळत नव्हता, पण माझा चेहरा कळत होता.

"वेल," ट्रेनर म्हणाली, "दॅट्स अ प्रेप." मग टोपी काढून केस खाजवले. "तुला ठाऊक आहे? मी 'हॅपी आहेस का' असं विचारते तेव्हा सगळे हॅपी असतात." कुत्र्याला गप्प केलं. "बंदी उठली की पहिल्या रोस्टरवर तू. किट पुसून ठेव, कुरियरवाला येईल."

मी थँक यू म्हटलं.  फोन ठेवला तर नवरा दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता. "शेवटी एक चूक मीच केली होती, त्यामुळे तुला नोकरी लागली. हे लक्षात ठेव."

"ठेवते. आता सगळी प्लॅस्टिकं काढ. जाळीचा रंग निघता कामा नये."

त्याने काढली. सगळी, नीट, कोपऱ्यापासून.

सासूबाईंनी देव जागेवर बसवले. चांदवा हातात घेऊन विचारलं, "हा परत बांधू का?"

"बांधा. फक्त जरा खाली बांधा, वर हात शिरेल एवढी जागा ठेवून. आणि जाळी मी थोडी उघडी ठेवते, तोंड भिंतीकडे करून. ज्योतीला लागणार नाही आणि तुमच्या पायांना पॅसेजमध्ये ऊब येईल."

त्यांनी संध्याकाळी समई लावली आणि खाली वाकून बराच वेळ ज्योतीकडे बघितलं. ती हलली नाही. मग चिंचवडला त्यांच्या बहिणीला व्हिडिओ लावला. मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते, ऐकू येत होतं. "पास झाली. हो, आमची सून. नाही गं, एसी दुरुस्तीवाली नाही. दुरुस्तीवाल्यांच्या चुका काढणारी." थोडं थांबून, "शिडीवर चढते तर काय झालं? तुझी सून गाडी चालवते तेव्हा तू काही म्हणतेस का?"

बंदी उठल्यावर माझं पहिलं घर क्वेकर्स हिलला होतं. कंपनीचा निळा शर्ट, डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क, व्हॅनमधून मीच पंखा उतरवला. दार एका पंजाबी गृहस्थांनी उघडलं. त्यांनी माझ्या मागे रस्त्यावर बघितलं, व्हॅनमध्ये बघितलं. "टेक्निशियन कहाँ हैं, जी?"

"मैं ही हूँ," मी म्हटलं. "शिडी अंदर लाऊँ?"

ते बाजूला झाले. त्यांनी जाळ्या मोजून ठेवल्या होत्या, आकडा सांगितला. मी तो ऐकून घेतला, बूट बाहेर काढले आणि माझा पहिला प्रश्न विचारला. तो आता आमच्या कंपनीत घरात पाऊल टाकल्यावर सगळेच विचारतात. ट्रेनरसुद्धा विचारते, तिच्या कालगुर्लीच्या हेलात.

"आपके यहाँ पूजा की जगह कहाँ है?"

गृहस्थ चकित झाले. मग त्यांच्या पूजेच्या खोलीचं, जिन्याखालचं एक बंद दार दाखवून म्हणाले, "वहाँ बाबाजी का कमरा है. वहाँ तो कोई व्हेंट नहीं है."

मी टॉर्च पेटवला आणि आत जाऊन वर बघितलं.